थांबण्याचा खर्च

मोटार जोरात पळावी म्हणून पैसे खर्च करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण ती वेळेवर थांबावी म्हणून कर्ज काढणारा माणूस मी गेल्या वर्षी प्रथमच पाहिला, आणि तो नेमका माझा सख्खा भाचा निघाला.

भाचा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. वय वर्षे सव्वीस. या वयात मुलाने स्थळे पाहावीत, फ्लॅटचा हप्ता सुरू करावा, अशी चारचौघांची रीत. आमच्या चिरंजीवांनी ती सोडून एक जुनी मोटार घेतली. जुनी म्हणजे चांगली वीस वर्षांची. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २००४ साली ही गाडी आपल्या देशात विकायला आली तेव्हा तिच्या १.८ लिटरच्या टर्बो इंजिनाची दीडशे अश्वशक्ती ही घरगुती मोटारीच्या मानाने चैनीची गोष्ट होती. आमच्या शहराच्या पूर्वेला शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला, तो ऑक्टाव्हियापासूनच. त्यामुळे भाच्याच्या लेखी ही परकी गाडी नव्हतीच. "मामा, ही आपली माहेरवाशीण आहे," तो मला म्हणाला. माहेरवाशिणीला परत आणायला त्याने किती पैसे मोजले हे त्याने आईला सांगितले नाही, आणि मला सांगितले ते न सांगण्याच्या अटीवर.

दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन आला. "तू प्राध्यापक आहेस. रोज शंभर पोरांना समजावतोस. ह्या एकाला समजाव. तो ती गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेणार म्हणतो."

मी रोज शंभर मुलांना समजावतो हे खरे आहे. त्यांना समजते, असा दावा मात्र मी कधी केलेला नाही. तरीही बहिणीचा शब्द मोडवेना. चाळीसगावला एक केळवण होते, तिथे आपण दोघेच तुझ्या गाडीतून जाऊ, असे मी भाच्याला सुचवले. वाटेत चार उपदेशाच्या गोष्टी सांगता येतील, असा माझा डाव होता.

आमच्या शहरातून चाळीसगावला जायचे तर दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड असे जावे लागते. हा रस्ता उपदेशाला फार सोयीचा आहे. दौलताबादचा किल्ला दिसताच मी महंमद तुघलकाचा दाखला काढला. दिल्लीची राजधानी १३२७ साली इथवर आणणारा आणि मग परत नेणारा हा सुलतान. त्याच्या बुद्धीला इंजिन जबर होते, ब्रेक तेवढा नव्हता, असे मी म्हणालो. भाचा हसला आणि त्याने गिअर बदलला. खुलताबादला भद्रा मारुती आहे. इतरत्र मारुती उभा असतो, उड्डाणाच्या पवित्र्यात असतो. इथे तो चक्क निजलेला आहे. वेगाचा एवढा मोठा देव, पण त्यालाही पाठ टेकावीशी वाटली ती याच गावात, हे मी भाच्याच्या नजरेस आणले. त्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून भक्तिभावाने नमस्कार केला, आणि माझा उपदेश नमस्कारात विरून गेला.

कन्नड सोडल्यावर औट्रम घाट लागतो. मराठवाडा इथे संपतो आणि रस्ता वळणे घेत घेत खानदेशात उतरतो. एके काळी या घाटात मालमोटारींच्या रांगाच्या रांगा अडकून पडत. २०२३ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहनांना इथे बंदी आली. त्या दिवशी रस्ता मोकळा होता. मोकळा रस्ता, दीडशे अश्वशक्ती आणि सव्वीस वर्षे वय, हे तीन ग्रह एका राशीला आले की शेजारी बसलेल्या मामाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याच पंचांगात नाही.

भाचा गाडी चालवतो मात्र छान. वळण आले की ब्रेक, वळण संपले की वेग. पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. पहिली सहा-सात वळणे मी डोळे मिटून काढली. मग एक जळका वास आला. आणि पुढच्या वळणाआधी भाच्याच्या चेहऱ्यात मला जो बदल दिसला तो मी जन्मात विसरणार नाही. त्याचा पाय खाली गेला. नेहमीपेक्षा खूप खाली गेला. त्याने पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. गाडी हळू होत होती, पण हवी तितकी होत नव्हती. समोर कठडा, त्याच्यापलीकडे नुसते हिरवे आकाश. त्याने गिअर खाली ओढला, इंजिन ओरडले, गाडी कठड्याच्या बाजूने घासल्यासारखी वळली, आणि पुढच्या रुंद जागी हँडब्रेकच्या मदतीने उभी राहिली.

कोणीच काही बोलले नाही. पुढच्या चाकांतून बारीक धूर निघत होता. मी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावलो, तसा तो ओरडला, "मामा, नको! तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती तडकेल." मग आम्ही अर्धा-पाऊण तास दगडावर बसून राहिलो. मी सोबत आणलेला सगळा उपदेश तसाच पिशवीत राहिला. ज्याला सांगायचे त्याला तो घाटाने सांगितला होता. केळवणाला आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने उतरलो.

परतल्यावर भाचा मला मोंढा नाक्याकडच्या एका मिस्त्रींकडे घेऊन गेला. पिकलेली दाढी, दोरीने बांधलेला चष्मा, हाताला ग्रीसचा कायमचा रंग. ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण काढून त्यांनी आत पाहिले, आणि डॉक्टर क्ष-किरणांची फिल्म उजेडात धरून "हं" म्हणतात तसे "हं" म्हटले. ऑइलचा रंग काढ्यासारखा झाला होता. आधीच्या मालकाने ते कधी बदलले होते, की बदललेच नव्हते, ते कोणास ठाऊक.

मग मिस्त्रींनी आणि भाच्याने मिळून मला जे शिकवले ते मी इथे सांगतो, कारण घरोघरी मोटार असलेल्या आपल्यासारख्या लोकांना ते ठाऊक असायला हवे, आणि माझी खात्री आहे की बहुतेकांना ते नसते.

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करतो, असे आपण समजतो. तसे नाही. या जगात काहीच नाहीसे होत नाही. वेगाची उष्णता होते, इतकेच. १४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात पावणेदोन लिटर गार पाणी उकळीला येते. म्हणजे बारा-चौदा पाहुण्यांच्या चहाचे आधण, आणि तेही चार-पाच सेकंदांत! वेग दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ही सारी उष्णता चार लोखंडी तबकड्यांनी पोटात घ्यायची आणि पुढचे वळण येईपर्यंत वाऱ्यावर सोडून द्यायची. सोडायला वेळ मिळाला नाही, तर ती साठत जाते. घाटात आमचे तेच झाले. आम्ही वळणावळणाला आधण ठेवत होतो, आणि उतरवत एकही नव्हतो.

ऑइलचा दोष निराळाच. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो तो या ऑइलमधून, कारण द्रव पदार्थ दाबून दबत नाही. पण आपले नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ या प्रतीचे नवे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओल धरल्यावर १५५ अंशांवरही उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र दबते. मग पाय दाबावा तर कापसाची उशी दाबल्यासारखे वाटते. जोर बुडबुडे चेपण्यात जातो, चाकाला पोचत नाही. म्हणून गाडी कितीही कमी चालो, दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे. मी आमच्या सौभाग्यवतीच्या गाडीची कागदपत्रे त्याच रात्री काढून पाहिली. आमच्या ऑइलने पाचवा वाढदिवस साजरा केला होता.

भाच्याने मात्र आधीच एक सूचिपत्र निवडून ठेवले होते. त्यात लालभडक रंगाचे, सहा-सहा पिस्टनांचे कॅलिपर होते, ताटाएवढ्या भोके पाडलेल्या डिस्क होत्या, आणि किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. कारखान्याच्या पतपेढीतून त्याने त्यासाठी कर्जही मंजूर करून घेतले होते. मिस्त्रींनी ते चित्र चष्मा वर करून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला. ऑइल थंड असताना, सपाट रस्त्यावर, ब्रेक करकचून दाबला तर पायाखाली एबीएस थरथरते का?

"थरथरते," भाचा म्हणाला.

"मग तुझ्या ब्रेकमध्ये ताकद आहे. पकड कमी पडते ती टायरची."

त्या एका वाक्याने सूचिपत्र मिटले. गाडीला थांबवतो तो अखेर टायर. रस्त्याला चिकटलेला चार तळहातांएवढा रबराचा तुकडा. चाक अडवण्याची शक्ती ब्रेकमध्ये आधीच असेल तर मोठी डिस्क बसवून पहिले थांबणे काही लवकर होत नाही. मोठी डिस्क लागते ती दहाव्या थांबण्यासाठी, विसाव्या थांबण्यासाठी. कारण तिच्या पोटात उष्णता अधिक मावते. शिवाय पुढचे-मागचे मान सांभाळावे लागते. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. हौसेने मागचे ब्रेक जबर केले तर मागची चाके आधी अडतील आणि गाडी शेपटीकडून फिरेल. भोके पाडलेली डिस्क दिसते झोकदार, पण खूप तापली की भोकाच्या कडेपासून चिरते. आणि मूळ गाडीच्या नोंदीशी विसंगत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे मिस्त्रींना आम्हा दोघांपेक्षा चांगले माहीत होते.

तेव्हा त्यांनी आपला क्रम सांगितला. आधी चार चांगले टायर. मग डॉट ५.१ प्रतीचे नवे ऑइल, जे नवे असता निदान २६० अंशांपर्यंत टिकते. मग जुन्या रबरी नळ्यांच्या जागी पोलादी तारेची वीण असलेल्या नळ्या, म्हणजे दाबाने त्या फुगायच्या नाहीत. मग नव्या डिस्क, पण मूळ मापाच्याच. आणि शेवटी पॅड. "सर," ते मला म्हणाले, "भागनेका पैसा सब देते, रुकनेका कोई नहीं देता."

पॅडची हकीकत मला सर्वांत मनोरंजक वाटली. शर्यतीचे पॅड निराळेच असतात. प्रचंड उष्णतेत, जिथे साधे पॅड हात टेकतात, तिथे ते खरे काम करू लागतात. पण सकाळी घरून निघताना, थंड असताना, त्यांना पकडच नसते. दूधवाला आडवा आला तर ते थांबवतीलच असे नाही. शिवाय ते किंचाळतात, काळी भुकटी उडवतात आणि डिस्क खातात. अशी माणसेही आपण पाहतो. पुरात उडी घालतील, दंगलीत पुढे होतील. पण घरी गॅसचा सिलिंडर बदलायला सांगा, त्यांना पकडच येत नाही. उलट आपण सारे साध्या पॅडच्या जातीचे. रोजच्या चौकाचौकात बरे चालतो. आच वाढली की वास यायला लागतो. रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींना पुरून उरेल असा एकच पॅड नाही, असे मिस्त्रींनी सांगितले, तेव्हा माझ्या मनाला उगीचच बरे वाटले. रस्त्याला रस्त्याचे पॅड. ट्रॅकवर गेल्यावर तिथे बदलायचे, आणि परतताना पुन्हा बदलायचे, असे ठरले.

मला एक शंका होती. ज्याला जोरात जायचे त्याने ब्रेकचा एवढा ध्यास का घ्यावा? भाच्याने मला इतिहास सांगितला. डिस्क ब्रेकची कल्पना लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १९०२ सालीच नोंदवली होती. पण पन्नास वर्षे ती जवळजवळ कपाटातच राहिली. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या. इतरांचे ड्रम ब्रेक तापून थकत होते. जॅग्वारचे चालक मात्र लांब सरळ रस्त्याच्या अखेरीला इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबत आणि तरीही वळण साधत. त्या शर्यतीत प्रथमच विजेत्या गाडीची सरासरी ताशी १०० मैलांच्या वर गेली. थांबण्याची खात्री होती, म्हणूनच त्यांना पळता आले. जो मूळचा उपदेश मी भाच्याला करणार होतो, तोच तो मला उलट बाजूने करत होता.

मराठीचा माणूस असल्याने मला लगेच आमच्या घरातला दाखला आठवला. आपल्या जुन्या पोथ्यांत शब्दाला शब्द चिकटून असत. दंडापलीकडे विरामचिन्हे नव्हती. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे श्रेय मेजर कँडी या इंग्रज गृहस्थाला देतात. मराठी गद्य त्यानंतर मंदावले का? उलट त्यानंतरच ते लांबलांब वाक्यांची वळणे घेत सुसाट निघाले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी ती टाळतो आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच.

नवे ऑइल भरले की नळ्यांत अडकलेली हवा काढावी लागते. हे दोन माणसांचे काम आहे. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाशी बसून बारीक तोटी उघडायची, बंद करायची. मिस्त्रींचा पोऱ्या त्या दिवशी आला नव्हता आणि भाचा डिस्क बसवण्यात गुंतला होता. त्यामुळे पेडलवर माझी नेमणूक झाली. "दाबा. धरून ठेवा. सोडा. दाबा. धरून ठेवा." चाकाकडून हुकूम येत होते आणि मी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा पाळत होतो. प्रथम पेडल पोकळ होते. मग हळूहळू, दहा-पंधरा वेळा दाबल्यावर, ते माझ्या पायाखाली घट्ट होऊ लागले. आणि ते घट्ट होत असताना मला २००३ सालचा जुलै महिना आठवला.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर नुकताच शिकवू लागलो होतो. एक जुनी मोटारसायकल घेतली होती. तिच्या मागच्या ब्रेकची नट ढिली झाली होती. दोन-चार आटे आवळले की काम झाले. रस्त्याकडेचा कोणताही मिस्त्री दहा रुपयांत, दोन मिनिटांत करून देई. उद्या करू, परवा करू, असे म्हणत मी आठ दिवस काढले. त्याच आठ दिवसांत मी तिला साडेतीनशे रुपयांचा, दोन सुरांत वाजणारा नवा हॉर्न मात्र बसवून घेतला.

नवव्या दिवशी मी वडिलांना, आमच्या अण्णांना, मागे बसवून बँकेत निघालो होतो. भुरभुर पाऊस होता. पुढे चाललेली रिक्षा एकाएकी थांबली. मागचा ब्रेक दाबला तो पार खाली गेला. घाबरून पुढचा आवळला तो ओल्या रस्त्यावर घसरला. माझे कोपर खरचटले. अण्णांचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण पाय पूर्वीसारखा वळला नाही. रोज पहाटे हिमायत बागेत चार फेऱ्या मारणारा माणूस त्यानंतर काठी घेऊन अंगणापुरता चालू लागला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा सांगत, "रस्ता ओला होता." ढिल्या नटेची गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. ती अण्णांना ठाऊक नाही, या समाधानावर मी वीस वर्षे काढली; आणि त्याला समाधान म्हणता येत नाही, हेही मला ठाऊक होते.

ताशी १०० किलोमीटरच्या वेगात माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, असे भाच्याने मला सांगितले होते. मी मनाशी हिशेब केला. माझा पाय ब्रेकवर पडायला आठ दिवस लागले होते.

"बस, सर," मिस्त्री म्हणाले. "झाले. पेडल दगड झाले."

मी खाली उतरलो. डोळ्यांत काही गेले आहे असे भाच्याला सांगितले. गॅरेजमध्ये ते खपून जाते.

पुढचे थोडक्यात सांगतो. नवे पॅड डिस्कशी जुळावेत म्हणून भाच्याने पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग वाढवला आणि कमी केला, पूर्णपणे न थांबता. मिस्त्रींचा हिशेब मूळ सूचिपत्राच्या निम्म्याहून कमी झाला. उरलेले कर्ज त्याने परत केले. ताईला ही बातमी कळली तेव्हा मी त्याला समजावले असा तिचा समज झाला. मी तो दूर केला नाही.

डिसेंबरात तो एका मित्राबरोबर कोइमतूरला गेला. तिथला करी मोटर स्पीडवे २००३ सालचा. हौशी लोकांना ठरलेल्या दिवशी तिथे गाडी चालवता येते. रात्री त्याचा फोन आला. मला वाटले, किती वेग गाठला ते सांगेल. पण तो सांगत होता ते निराळेच. चार-पाच फेऱ्या जोरात मारल्या की एक फेरी अगदी सावकाश, ब्रेकला हात न लावता मारायची, म्हणजे तापलेल्या डिस्क चालत्या वाऱ्यावर निवतात. आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात. "मामा, सगळ्यांत अवघड ती सावकाश फेरीच," तो म्हणाला. मी त्याला सांगितले, की घरातल्या भांडणानंतरही ती मारावी लागते; लग्न झाल्यावर कळेल.

संक्रांतीला तो घरी आला. अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ओट्यावर बसून त्यांनी नातवाची गाडी नीट न्याहाळली आणि म्हणाले, "पळते हे ऐकले. थांबते का?"

"चला आजोबा, दाखवतो."

ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण अण्णा उठले. त्यांना पुढे बसवले, त्यांच्या पायासाठी आसन मागे सरकवले, मी मागे बसलो. आम्ही पुन्हा औट्रम घाटात गेलो. भाचा या वेळी खालच्या गिअरमध्ये, निवांत उतरत होता. मधल्या एका सरळ, रिकाम्या तुकड्यावर त्याने आरशात मागे पाहिले, "आजोबा, धरून बसा" म्हणाला आणि ब्रेक दाबला. गाडी जिथल्या तिथे, मुकाट्याने, सरळ उभी राहिली. अण्णांची काठीसुद्धा पडली नाही.

"स्वतः तपासलेस?" अण्णांनी विचारले.

"हो. निघण्यापूर्वी, दर वेळी."

अण्णांनी मान हलवली. मग समोर दरीकडे पाहत, नातवाला सांगावे तसे, म्हणाले, "तुझ्या मामाच्या मोटारसायकलची नट ढिली होती."

माझ्या घशात काही तरी अडकले. "अण्णा, तुम्हाला ठाऊक होते?"

"निघताना तू ब्रेक दोनदा दाबून पाहिलास," ते म्हणाले. "ज्याचा भरवसा असतो तो एकदाच दाबतो. मी मास्तर होतो रे. मुलाने गृहपाठ केलेला नाही, हे त्याच्या चालण्यावरून कळते."

"मग बसलात कशाला मागे?"

"तुला नाही म्हटले असते तर तुला वाईट वाटले असते. ते माझे चुकले. तेव्हाच थांबवायला हवे होते."

एवढे बोलून त्यांनी काच खाली केली आणि घाटात चहा मिळतो का, म्हणून विचारले. खाली उतरून आम्ही तिघांनी चहा घेतला. दुसरे काहीच बोलणे झाले नाही. पण परत येताना घाट चढत असता अण्णांनी पुढून हात मागे केला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटले. उजव्या.

माझी स्कूटर साधी आहे. तिला शर्यतीचे पॅड नाहीत, पोलादी नळ्या नाहीत. पण आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिला मोंढा नाक्याकडे नेतो. मिस्त्री दांडी दाबून पाहतात, "ठीक है, सर" म्हणतात आणि बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत. घरून निघताना मी ब्रेक दाबतो तो एकदाच.